शेवटच्या पानावरचे शंभर रुपये

"मराठवाड्याच्या व्यापाराच्या इतिहासात आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल," असं टेम्पोपुढे नारळ फोडून रामकिसनकाकांनी जाहीर केलं.

"काका, ऑर्डरी शून्य हायेत," त्यांची पुतणी तेजश्री फोनमध्ये बघत म्हणाली.

"मग चांदीची चालतील," काका म्हणाले आणि खोबरं वाटायला लागले.

दसरा झाला की शिरूर कासारची कितीतरी घरं ऊस तोडायला निघतात. मागे कुलपं उरतात, म्हातारी माणसं उरतात आणि शाळेपायी काही पोरं उरतात. दिवाळी मात्र ठरल्या तारखेला येते. घरात कोणी नाही, हे तिला कुणी कळवलेलं नसतं.

यावर काकांनी तोड काढली होती. केसरकाकूंनी फराळ करायचा, ऊसतोडवाल्यांनी तो फोनवरून मागवायचा, पैसेही फोनवरूनच भरायचे आणि काकांच्या टेम्पोने तो माजलगावकडे, थेट त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, म्हणजे कोप्यांच्या, दारात पोचवायचा. वेबसाइटचं नाव 'गावचा घास'. ती बनवून घ्यायला नऊ हजार पडले, हे काका रामराम घालायच्या आधी सांगत.

टेम्पोत फराळाशेजारी एक जागा योगिताची होती. बारा वर्षांची योगिता आजीजवळ राहायची. तिचे आईवडील त्याच कोप्यांवर होते. आईला तिकडे जाऊन अकरा दिवस झाले होते. योगिता ते मोजत नव्हती. सकाळी डोळे उघडले की आकडा आपोआप पुढे सरकलेला असायचा.

"बुधवारी सांजच्यापर्यंत तीस ऑर्डरी आल्या तर गुरुवारी टेम्पो निघंल," काकांनी बजावलं. "न्हाईतर डिझेल काय माझा सासरा भरतोय?"

"माझ्या बापाला मधी आणू नका," आतून काकूंचा आवाज आला.

सोमवारची दुपार होती. योगिता, तेजश्री आणि सोमेश्वर टेम्पोच्या सावलीत बसले. सोमेश्वरच्या घरी मेंढरं होती, त्यामुळे हरवलेलं शोधण्याचा अनुभव फक्त त्याच्यापाशी होता.

"हे बघा," तेजश्री म्हणाली. "ऑर्डर शून्य, पण अर्धवट सोडलेल्या पिशव्या एक्केचाळीस. लोकं लाडू घेत्यात, चिवडा घेत्यात, शेवटच्या पानापर्यंत जात्यात आन पळून जात्यात."

"भुतं असत्याल," सोमेश्वर म्हणाला. "त्यांना बी दिवाळी असतीच की."

"नीट सांग रे."

सोमेश्वरने थोडा विचार केला. "मेंढरं वाड्याच्या दारापर्यंत येत्यात आन आत शिरत न्हाईत, तवा दारात कायतरी असतंय. साप, न्हाईतर कुत्रं. आपण दार बघितलंय का?"

दार कोणीच बघितलं नव्हतं. काकांनीसुद्धा नाही. स्वतःच्या दुकानातून त्यांनी कधी काही विकत घेतलं नव्हतं.

ऊसतोडीच्या ठिकाणी फोन दिवसा झोपतात. संध्याकाळी टपरीवर चार्जिंगला लावले की जागे होतात. योगिताने तोवर वाट पाहिली. वाट पाहण्याची तिला चांगलीच सवय होती.

"काय करतीस गं?" आईने विचारलं.

"काय न्हाई. तू?"

"मी बी काय न्हाई."

दिवसभरात दोघांत दोन टन ऊस तोडून आल्यावर आई रोज हेच सांगायची.

"आई, तू फराळ कावून न्हाई मागवला?"

"मागवत व्हते की. लाडू, चिवडा, शेव, शंकरपाळे आन चटणी, समदं घेतलं. अडीचशे झाले. शेवटच्या पानावर गेले तर साडेतीनशे. खाली लिवलंय, ऑनलाइन आकार शंभर. सुंदरराव मुकादम म्हणले, फोनात चोर शिरलाय, बंद करा. समद्या टोळीनं फोन बंद केले."

पलीकडून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो बराच वेळ जात राहिला.

"तू येणार व्हतीस ना गं?" आई म्हणाली.

"येणार हाय."

फोन ठेवल्यावर योगिताच्या लक्षात आलं, की आपण दिलेल्या शब्दाला अजून तीस ऑर्डरी कमी आहेत.

मंगळवारी सकाळी तिघांनी काकांना गाठलं.

"आकार लावणारच," काका म्हणाले. "फोनवरून पैसे आले की मधली कंपनी तिचा वाटा कापती. तो मी कावून भरू? ज्यानं मागवलं त्यानं भरावा."

"पण कंपनी कापती किती?" तेजश्रीने विचारलं.

"असत्याल वीस-बीस."

"कशावर?"

"नगामागं."

काकांनी पूर्वी सहा वर्षं आठवडी बाजाराच्या पावत्या फाडल्या होत्या. पाटीमागे वीस रुपये. एखादी भाजीवाली पाच पाट्या घेऊन बसली, तर तिला पाच पावत्या. वेबसाइट बनवणाऱ्या पोराने "आकार किती लावू?" असं विचारलं, तेव्हा काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "वीस, नगामागं." तेव्हापासून लाडवाची वेगळी पावती फाटत होती, शेवेची वेगळी, आणि पाव किलो चटणीही बाजारात पाटी मांडून बसली होती.

तेजश्रीने कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. "सगळ्या बिलावर शेकडा दोन रुपये. म्हंजी अडीचशेवर पाच. तुमी घेताय शंभर."

"पत्रात काय बी लिवत्यात. सहा वर्षांत माझ्या पावतीवर एक बाई बोलली न्हाई."

"बोलायच्या," आतून काकू म्हणाल्या. "मला बोलायच्या."

काका टेम्पो पुसायला निघून गेले. मोठ्या माणसांना हिशेब दाखवून पटत नाही. तो त्यांच्या खिशातून काढून दाखवावा लागतो. मुलं स्वयंपाकघरात गेली आणि काकूंशी बराच वेळ कुजबुजली.

दुपारी काका जेवायला बसले. काकूंनी भाकरी वाढली आणि फोन पुढे धरला. "माझ्या बहिणीला फराळ पाठवतेय. अडीचशेचा हाय. तेवढे पैसे भरा."

काकांनी चष्मा लावला. "अडीचशे कुठं? हे साडेतीनशे हायेत."

"शंभर आकार हाय म्हणं."

"अडीचशेवर शंभर?" काकांचा घास हातातच राहिला. "ही काय रीत झाली? दिवसाढवळ्या दरोडा हाय. कोण चोर हाय ह्यो? नाव सांग, पोलिसात देतो."

काकूंनी स्क्रीनवरून अंगठा बाजूला घेतला.

काकांनी चोराचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण आडनावही ओळखीचं होतं.

दाराआड तीन मुलं कान लावून उभी होती. काकांनी भाकरी संपवली, पाणी पिऊन हात धुतला आणि हाक मारली, "तेजू, ते पत्र आण."

तोडगा तेजश्रीने काढला. प्रत्येक नगाचा भाव एक रुपयाने वाढवायचा आणि आकाराची ओळ पुसून टाकायची. पाच नगांचे दोनशे पंचावन्न. जो भाव पहिल्या पानावर, तोच शेवटच्या.

"आन कंपनीचं?" काकांनी विचारलं.

"ती दोनशे पंचावन्नवर पाच रुपये दहा पैसे कापंल. पाच आले, दहा पैसे तुमच्या खिशातून."

"माझे कावून?"

"चोर पकडून दिल्याबद्दल," सोमेश्वर म्हणाला.

बुधवारी योगिता सकाळपासून तेजश्रीचा फोन घेऊन ओट्यावर बसली. आईला तिने रात्रीच सगळं सांगितलं होतं, आईने कोपी-कोपीत. तरी दुपारपर्यंत आकडा शून्य. चारला शून्य. आजी आली आणि चहा ठेवून परत गेली. सूर्य टेकायला आला, तसे काका कुलूप घेऊन टेम्पोकडे निघाले.

"काका, अजून फोन जागे व्हायचेत," योगिता म्हणाली. "थोडं थांबा."

काका टेम्पोला टेकून उभे राहिले. उजेड गेला आणि फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग तो थांबेचना. साडेसातला बावन्न ऑर्डरी झाल्या आणि काकू ओरडल्या, की आता बेसन संपलं, ते यंत्र बंद करा.

गुरुवारी टेम्पो माजलगावच्या उसात शिरला. कोप्यांपुढे सगळी टोळी जमली होती. योगिताची आई वनमाला घाईघाईने पदर सारखा करत पुढे आली. योगिता तिच्या कमरेला बिलगली आणि तिथेच राहिली. आईच्या अंगाला उसाचा वास येत होता. तो योगिताला आवडत नसे. आज तिने तो पोटभर घेतला.

सुंदरराव मुकादमांनी भाषण केलं. फोनात चोर आहे हे आपण सर्वांत आधी ओळखलं, असं त्यांनी सांगितलं आणि मुलांचं तोंडभर कौतुक केलं. मग काका उभे राहिले.

"ह्या पोरांनी माझा धंदा वाचवला," ते म्हणाले. "योगिता, माग. सायकल माग, फोन माग. ह्या रामकिसननं आजवर शब्द फिरवला न्हाई."

सगळे योगिताकडे बघू लागले. तिने आईच्या पदरातून तोंड बाहेर काढलं.

"काका, टेम्पो तासभर उशिरा काढा," ती म्हणाली. "आईला माझ्या डोक्यातल्या उवा काढायच्यात."