तीन नंबरचा जाळ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर बघा, मला त्याचं बक्षीस मिळणार नाही.

अमावस्येची रात्र वगैरे नव्हती. गेल्या मार्चमधली भर दुपार होती. आष्टीकडच्या रस्त्याला एक खाजगी कारखाना आहे, नाव सांगत नाही. तिथल्या बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये मी बसते. माझा नवरा हनुमान वर भट्टीजवळ असतो.

आमच्या भट्टीत दगडी कोळशाची पिठासारखी पूड चार नळ्यांतून हवेबरोबर जाते. ती चारही नळ्यांत सारखी वाटली गेली पाहिजे. एखाद्या नळीत फार विरळ झाली, की तिथला जाळ टिकत नाही. मग न जळलेली पूड आत साचते... आणि एकदम पेटली, तर भट्टीसमोरचा माणूस वाचत नाही.

त्या दुपारी माझ्यासमोरच्या पॅनेलवर तीन नंबरचा दिवा गेला.

म्हणजे जाळ विझला.

"बघून येतो," म्हणून हनुमान निळी काच घेऊन निघाला. भट्टीच्या झरोक्यातून जाळ त्या काचेतूनच बघतात.

थोड्या वेळाने माझा वॉकीटॉकी खरखरला...

"जाळ हाय. लई चांगला हाय. कोळसा वाढव."

आवाज त्याचाच. पण पडद्यावर तीन नंबरच्या नळीत कोळसा जवळजवळ नव्हताच.

"अहो, नळीत कोळसा न्हाई. मग जाळ कशाचा?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"वाढव ना, अंजे. लई गार लागतंय."

गार? भट्टीच्या तोंडाशी?

सगळं बंद करावं, तर कारखाना थांबणार आणि आमचे साहेब मोहनराव माझ्यावर खेकसणार. न करावं, तर हनुमान झरोक्यापाशी उभा.

तेवढ्यात मागचं दार उघडलं...

हनुमान आत आला. घामाने निथळत.

"अर्ध्या जिन्यातनं माघारी आलो. वॉकीटॉकी हितंच राहिला की."

खरंच. त्याचा सेट माझ्यामागे चार्जिंगला होता. बंद.

आणि माझ्या हातातल्या सेटमधून त्याचाच आवाज आला...

"अंजे, बंद नको करू गं."

हनुमान पांढराफटक पडला.

मी भट्टी बंद करायचं बटण दाबलं.

उरलेले तिन्ही जाळ विझले. माझा सेट एकदा खरखरला आणि गप्प झाला.

भट्टी गार झाल्यावर उघडली. तीन नंबरच्या तोंडाशी न जळलेल्या पुडीचा ढीग होता.

"वाचलास बे," मोहनराव हनुमानला एवढंच म्हणाले.

ओल्या कोळशाने नळी तुंबली होती, हे कळलं. आवाज कुणाचा, ते नाही कळलं. मला 'अंजे' फक्त हनुमान म्हणतो. तेही घरात, कुणी नसताना.

घरात त्याने पलीकडच्या खोलीतून हाक मारली, की मी ओ देत नाही. आधी जाऊन बघते. एकदा म्हणाला, "मीच हाय गं. कावून भितीस?"

आता तो हाक मारतच नाही. समोर येतो, मला नीट बघू देतो, मग बोलतो. त्याला वाईट वाटतं, मला दिसतं.

मलाही वाईट वाटतं... त्या दुसऱ्याचं. त्याला गार लागत होतं, आणि मी त्याचा जाळ विझवला.

हे मी हनुमानला अजून सांगितलेलं नाही.