असं कोणी पाहिलं काय

गोलू, तो मोबाईल ठेव खिशात. उजेड डोळ्यात जाते. आन् राजकुमार, शेकोटीत दोनच तुराट्या टाक, साऱ्या नको टाकू, रात्र काढायची आहे. आपल्या धानाचा काटा उद्या तरी होते का नाही, खरेदी केंद्रवाल्यालेच माहीत. पोते सोडून घरी जाता येत नाही, न इथं झोप येत नाही. मंग ऐका. मी भूत-गीत मानत नाही, आधीच सांगतो. पण हे ज्याच्यासंग झालं तो माझा साडू आहे, सानगडीचा गोपीचंद. बिडीसुद्धा ओढत नाही तो माणूस. त्याले खोटं बोलता आलं असतं तं आजपर्यंत सरपंच झाला असता.

सन बावीस. कार्तिक पुनव मंगळवारी झाली, तिच्या पुढचा शुक्रवार. गोपीचंद मोटारसायकल घेऊन दुपारी आंधळगावले गेला. काम एवढंच, की एक फोटो आणायचा.

त्याची माय शकुनबाई पावसाळ्यापासून खाटेवर होती. खाणं सुटलं होतं. जीव जाऊन राहिला होता, पण निघत नव्हता. न एकच गोष्ट धरून बसली होती बुढी, की मले रुखमीचं तोंड एकदा पाहू द्या.

रुखमी म्हणजे गोपीचंदची मोठी बहीण, रुखमिणी. त्यानं तिले पाहिलंच नाही. तो व्हायच्या आधीच गेली ती, सहा वर्षांची असताना, देवीच्या रोगानं. तुमाले देवी काय माहीत बाप्पा, तुमच्या दंडावर टोचल्याचा वणसुद्धा नाही. आंगभर फोड यायचे, तोंडावर सगळ्यात जास्त. वाचला तं जन्मभर खड्डे, नाही तं मातीत.

तेव्हा सरकारचे टोचणारे गावोगाव फिरत. हातात एक कार्ड, कार्डावर देवी निघालेल्या लेकराचा फोटो. दारात उभं राहून तो फोटो दाखवायचा न विचारायचं, "असं कोणी पाहिलं काय?" लोकं म्हणायचे, नाही. आत लेकरू तापानं फणफणून राहिलं तरी नाही. काहून? अरे, ती देवी. घरी आलेली पाहुणी. तिच्यावर परक्याची नजर पडू द्यायची नाही. पाहुणी रुसली तं लेकरू संगं घेऊन जाते, असं म्हणत. हसू नको गोलू. तुझी आजीही हेच म्हणाली असती, न तिले कोणी अडाणी म्हणलं नसतं.

शकुनबाईच्या दारातही आले. रुखमी आत, धानाच्या ढोलीमागं झोपवलेली. त्यांनी कार्ड दाखवलं, विचारलं. शकुनबाई म्हणाली, नाही, आमच्या घरी कोणी नाही. तेवढ्यात आतून पोरीनं हाक मारली, "माय."

मंग काय, गेले आत. संगं एक साहेब होता, त्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पोरगी गेली. न तो फोटो त्यांनी पुढच्या कार्डांवर लावला, आन् तेच कार्ड घेऊन इकडं मोहाडी-तुमसरकडच्या गावांत फिरले. पोरगी मातीत, न तिचं तोंड दारोदार. घरी मात्र तिचा एकही फोटो नाही. तेव्हा गरिबाच्या घरी कायचा फोटो? तिच्या साऱ्या आयुष्यात तिचा तेवढा एकच निघाला.

आंधळगावचा आनंदराव त्या टोचणाऱ्यांतला. आता पार बुढा, ऐकू कमी येते. त्यानं पेटीतून कार्ड काढून दिलं. म्हणाला, "नेऊन दे बाबू. माझ्याच्यानं फेकवलं नाही. पण बुढीले विचारून दाखवजो. हे पाहून खुश झालेला माणूस मी पाहिला नाही."

गोपीचंदनं कार्ड रुमालात बांधलं, सदऱ्याच्या आत ठेवलं न निघाला. भंडारा, लाखनी, साकोली, साऱ्या रस्त्यानं ट्रकच ट्रक. माय तोपर्यंत राहते का नाही, एवढंच डोक्यात. साकोलीहून सानगडीच्या रस्त्याले लागला तेव्हा दहा वाजून गेले होते. पुनव झालेली, चांद निघाला होता, पण धुई खाली उतरून राहिली होती. गावाच्या अलीकडं तलाव आहे. रस्ता त्याच्या मातीच्या पाळीवरूनच जाते.

पाळीवर एक पोरगी उभी होती.

सहा-सात वर्षांची. एवढ्या थंडीत आंगावर नुसता झगा. गोपीचंदनं गाडी थांबवली. तुम्हीही थांबवली असती. एवढंसं लेकरू, एवढ्या रात्री.

"कोणाची वं तू बाई? घर कुठं आहे?"

पोरीनं हात पुढं केला. हातात कार्ड.

"भाऊ, असं कोणी पाहिलं काय?"

गाडीचा उजेड कार्डावर. कार्ड पोरीच्या तोंडापुढं. तिचं तोंड त्याले दिसलंच नाही. कार्डावर एक बाई होती, जवान. केस सुटलेले, हनुवटीवर गोंदलेलं. त्याले वाटलं, हिची माय हरवली असन.

"नाही बाई. नाही पाहिलं."

पोरीनं कार्ड खाली घेतलं. रडली नाही, काही नाही. सवय असल्यासारखी मागं फिरली न पाळीच्या पलीकडच्या आंगानं उतरून गेली. गोपीचंद गाडीवरून उतरला, हाका मारल्या, बॅटरी लावून पाहिलं.

पलीकडं पाणी होतं. नुसतं पाणी...

घरी आला. शकुनबाई जागीच होती. निर्मला, म्हणजे त्याची बायको, माझी साळी, खाटेजवळ भिंतीले टेकून बसली होती. त्यानं हातपाय धुतले, माईले विचारलं, न रुमाल सोडून कार्ड तिच्या हातात दिलं. बल्बाखाली धरून बुढी लई वेळ पाहत राहिली. मंग कार्ड पालथं ठेवून दिलं.

"हे तिचं तोंड नाही," म्हणाली. "हे देवीचं आहे. माझी रुखमी याच्या खाली राहून गेली."

बस. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव अडकला, ते असं निघालं. काहीतरी बोलायचं म्हणून गोपीचंदनं तलावावरची पोरगी सांगितली. वाटलं, बुढीचं मन दुसरीकडं जाईन.

शकुनबाईनं ऐकलं.

"काय विचारलं तिनं?"

"असं कोणी पाहिलं काय, म्हणे."

"फोटो कोणाचा होता?"

"होती एक बाई. हनुवटीवर गोंदलेली."

बुढीनं हळूच पांघरूण खाली घेतलं. हनुवटीच्या खाली. सुरकुत्यांत ते गोंदण आता निळसर डागासारखं राहिलं होतं. रोज पाहिलेलं, पण आपण मायचं तोंड असं कुठं पाहतो?

"तू काय म्हणलं?"

"...नाही म्हणलं."

बल्बाभोवती किडे फिरून राहिले होते, तेवढाच आवाज.

"मीही नाहीच म्हणलं होतं," म्हणाली.

मंग...

"जा. सांगून ये."

"काय सांगू माय?"

"आहे म्हणून सांग."

ज्याचं जळते त्याले कळते. गोपीचंद काही लहान पोट्टा नव्हता. माय काय मागून राहिली, आन् दिलं तं काय होईन, त्याले समजत होतं. मी त्याले नंतर विचारलं, काहून गेला बे तू? म्हणाला, "भय्याजी, एक ‘नाही’ तिचं झालं, एक माझं झालं. तिसरं माझ्याच्यानं झालं नसतं."

गाडी नाही घेतली. पायीच गेला. गावात कुत्रंसुद्धा भुकलं नाही. पाळीवर आला. धुई. कोणी नाही. उभा राहिला. थंडी वाजत नव्हती म्हणे. भीतीही नव्हती. आंगात काही नव्हतंच.

"बाई..." म्हणाला.

काही नाही.

"रुखमी बाई. आहे. आमच्या घरी आहे."

पाणी तसंच.

"हनुमान मंदिरामागं. दार उघडं ठेवलं आहे..."

बोलून झालं. थांबला. काही हाललं नाही, कोणी आलं नाही. येड्यासारखं वाटलं त्याले. मागं फिरला.

रस्ताभर त्याच्या मागं कोणी चाललं काय? नाही. पुढं? ...माहीत नाही, म्हणते.

घरी आला. दार उघडं, तो सोडून गेला तसंच. निर्मलाचा भिंतीशीच डोळा लागला होता. शकुनबाई गेली होती.

तोंडावर तरास नव्हता. हासूही नव्हतं. गोपीचंद खाटेच्या पायथ्याशी बसला. रडला नाही. मातीच्या दिवशी मी तिथंच होतो. त्यानं खांदा दिला, पाणी पाजलं, पाहुण्याले चहा विचारला, सारं केलं. अजूनही रडला नाही. कधी मधी विचारलं तं म्हणते, "भय्याजी, बोटाले सुई टोचली तरी मले आता समजत नाही." माणूस जेवते, शेतात जाते, धान कापते. पण गोपीचंद तो राहिला नाही. मले लई वाईट वाटते त्याचं.

भूत म्हणाल तं कोणालेच दिसलं नाही. पण निर्मलानं मले एक सांगितलं, न ती बाई वावगं बोलणारी नाही. बायका बुढीले उचलायले आल्या तं बुढी खाटेच्या पार कडेले होती. पावसाळ्यापासून तिले कूस बदलता येत नव्हती, दोघंजणं लागत. आन् ती कडेले सरकून, आंग चोरून झोपलेली. दुसऱ्यासाठी जागा केल्यावानी.

त्या रिकाम्या जागी गोधडीवर हळद होती. वाटलेली हळद न कडुलिंबाचा पाला. लेकरू झोपते, तेवढ्या जागेत. निर्मलानं हात लावून पाहिला, ओलीच होती.

जुन्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांले माहीत होतं. देवी उतरली, फोड जाऊन लेकराचं तोंड साफ झालं, की त्याले ती हळद लावून आंघोळ घालत. त्याच्या आधी नाही.