धुऱ्यातली वाट

चार नंबरच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी बसलं होतं... आणि तो चक्क माझा धुरा कोरत होता!

बाभुळगावच्या आमच्या क्लासात माऊसवर हात बसावा म्हणून सर रोज अर्धा तास ठोकळ्यांचा गेम खेळू देत. शिकायचं काही नव्हतंच. एक बटण दाबलं की मातीचा ठोकळा लागतो, दुसऱ्यानं निघतो. सगळ्या बॅचना मिळून जग एकच. त्यात मी वावर केलं, झोपडी बांधली, नावाची पाटी लावली, भोवती मातीचा बांध, आमच्या भाषेत धुरा, घातला. आणि रोज सकाळी पाहावं तर शेजारी काहीतरी नवं! कधी विहीर, कधी घर, काल तर भिंतभर काचा, ओढणीवर जडवतात तशा. कोण असेल हा? महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. आज सकाळी लाईट नव्हती, म्हणून संध्याकाळच्या बॅचला आले.

"ओ! धुरा काहून कोरून राह्यले?" शेतकऱ्याची पोर मी. आमच्याकडे यावरून डोकी फुटतात.

तो दचकून वळला. सावळा, हसरा, जरा ओशाळलेला. "म्हंजे... निशिगंधा तुम्हीच?"

"पाटी वाचता येते, धुरा दिसत नाही?"

"कोरला नाही जी, वाट काढून राह्यलो. मी लखीराम, तांड्यावरचा. आमच्या पणज्यानं बैलांवर मीठ लादून वाटाच काढल्या. सवय जात नाही."

मी पाहिलं. वाट त्याच्या घरापासून निघून धुऱ्यातून थेट माझ्या झोपडीच्या दाराशी आली होती. दोन्ही बाजूंना पांढरी फुलं.

"फुलं कायले?"

"नाव वाचलं ना पाटीवर..." तो स्क्रीनकडेच बघत राहिला. "पण परवा क्लास संपते. सर सारं पुसून टाकतीन."

महिनाभर शोधलेला माणूस दोनच दिवसांपुरता? मला ते मुळीच नको होतं.

"बुजवून टाकू का वाट?" त्यानं माऊस माझ्याकडे सरकवला.

मी माऊस धरला, पण बटण काही दाबलं नाही. "वहिवाट कशी लागते, मालूम हाय?"

"रोज ये-जा केली की."

"मंग... आमचं खरं वावर तुमच्या तांड्याले लागूनच हाय. परवापासून धुऱ्यावरून रोज ये."

"या"चं "ये" कधी झालं, मलाच कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं.

"तुहे बाबा भांडतीन ना?"

"भांडू दे," मी म्हटलं. "वहिवाट मी देऊन राह्यली."