मोठ्या अक्षरांचं पान

"कोणत्या शहाण्याने लिहिलंय हे, कोण जाणे! प्रत्येक पान उघडण्याआधी आठवत काय बसायचं?"

कॉफीच्या मशीनपाशी ती एकटीच बडबडत होती. नोकरीचा पहिलाच आठवडा, आणि काम ब्राउझरचा वेग मोजायचं.

"तो शहाणा मीच," मागून आवाज आला.

तिने जीभ चावली. वळून पाहिलं, तर शर्टाच्या टोकाला चष्मा पुसणारा एक उंच तरुण... आणि हसू असं, की हातातली कॉफी सांडलीच.

कुठल्या साइटवर तुम्ही अक्षरं मोठी केलीत, कुठे आवाज बंद ठेवलात, हे ब्राउझरने लक्षात ठेवायचं, ही त्याची करामत. पण त्यासाठी दरवेळी डिस्कवरची नोंद शोधावी लागे, आणि तोवर पान अडून बसे.

"पान आधी उघडा, मग आठवा की!"

"मग अक्षरं आधी बारीक दिसतील आणि एकदम फुगतील. वाचणाऱ्याची ओळ हरवते, बाईसाहेब."

"आणि वाट बघून वाचणाराच निघून गेला तर?"

"मी तर बघेन बुवा वाट..." तो म्हणाला, आणि तिचे कान लाल झाले.

ऑफिसने दोघांची बारशी उरकली. ती घाईबाई, तो आठवणे. भांडणाच्या निमित्ताने दोघं रोज एकाच टेबलाशी बसू लागली, 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंही नाही.

शेवटी तोडगा तिलाच सुचला. सगळ्या नोंदी ब्राउझर सुरू होतानाच मेमरीत भरायच्या, म्हणजे शोधाशोध नको. फक्त ओझं हलकं हवं, म्हणून वर्षभर न उघडलेल्या साइटची नोंद पुसून टाकायची. त्याने तो नियम दोनदा वाचला. स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. "बरोबर आहे," म्हणाला, आणि मंजुरी दिली.

नवी आवृत्ती आली. पानं फटाफट उघडू लागली, ऑफिसात केक कापला गेला. आज याला मनातलं सांगायचंच, असं ठरवून ती नवा कुर्ता घालून आली होती. तो मात्र जिन्यात एकटाच बसला होता.

"काय झालं रे?"

"आई घरच्या कॉम्प्युटरवर विणकामाची एक साइट वाचायची. डोळे अधू, म्हणून तिने स्वतः बटण दाबून दाबून अक्षरं मोठी केली होती. ती गेली, दीड वर्ष झालं... त्यानंतर मी ते पान उघडलंच नव्हतं. काल उघडलं. अक्षरं बारीक होती."

"अरे, मग नियम वाचलास तेव्हाच सांगायचं ना!"

"एकदा उघडलं असतं तरी नोंद टिकली असती. रोज ठरवायचो, गं. हात धजेना."

"आपण परत मोठी करू. आत्ता करू!"

"करता येतील. पण ती आईने केलेली नसतील ना."

ती शेजारी बसली आणि रडू लागली. "मला तू आवडतोस. हे असं नव्हतं सांगायचं मला..."

"मलाही तू आवडतेस." त्याने तिचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. "पण तुझ्याकडे पाहिलं की ते पान दिसतं. तुझी चूक नाही, कळतं मला. तरीही दिसतं. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बदली मागितलीय मी."

त्याला थांब म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने फक्त त्या साइटचा पत्ता विचारला.

तो गेला. त्याच्या खुर्चीवर आता दुसराच कुणी बसतो. दर रविवारी सकाळी ती आपल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडते. अक्षरं तिने चांगली ठळक, मोठी करून ठेवलीत. दोन सुलट, एक उलट, असं ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचते, आणि नोंद पुसली जाऊ नये म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा उघडते. वर्षातून एकदा उघडलं तरी पुरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

विणकाम तिला अजूनही येत नाही.