आबा, बसू नका!

आबांनी नीरजाला "सुमन" अशी हाक मारली आणि तिच्या काळजात धस्स झालं. सुमन ही आबांची बहीण. मग नीरजा कोण, हेच आजोबा विसरले की काय?

झाली का पंचाईत! मुळात नीरजाच्या पायाला भिंगरी, त्यात आज तर ती एका जागी ठरेना. येरझाऱ्या घालत तिने खटपट्याला गाठलं. खटपट्या म्हणजे घरातला यंत्रमानव. आबांचं पाणी, चष्मा, वर्तमानपत्र, सगळं तोच हातात आणून द्यायचा.

"खटपट्या, आबा मला विसरणार का रे?"

"सांगता येत नाही." मेल्याला खोटं बोलून धीरही देता येत नव्हता! "मेंदूत हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) असतो. वयाबरोबर तो आक्रसतो. पण रोज चालून थोडा दम लागला, की मेंदूकडे जास्त रक्त जातं. वृद्धिघटक (पेशींना खतासारखी उपयोगी पडणारी द्रव्यं) वाढतात. मग आक्रसणं मंदावू शकतं."

"मग तू आबांना उठू का देत नाहीस?"

"घरातले सगळे दिवसभर म्हणतात, 'आबा, तुम्ही बसा.' मी तीच आज्ञा पाळतो."

नीरजाने कपाळावर हात मारला. एके काळी रोज अजिंक्यतारा गड चढणारा माणूस, आणि मान द्यायच्या नादात घरच्यांनीच त्याला खुर्चीला खिळवलं होतं!

"जादू होणार नाही हं," खटपट्याने बजावलं. "आणि आधी डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनी तपासून होकार दिला. दुसऱ्या दिवशी नीरजाने खटपट्याला थांबवलं आणि आबांचा चहा मुद्दाम स्वयंपाकघरातच ठेवला. आबा हाका मारून दमले, चिडले. "या घरात म्हाताऱ्याला कुणी विचारतच नाही!" असं पुटपुटत शेवटी उठले. नीरजाला रडू आलं, पण तिने कप काही नेऊन दिला नाही.

मग अंगण झालं, कोपऱ्यावरचं दुकान झालं, हळूहळू गडाची वाट आली. नाव मात्र अजून चुकायचं. कधी सुमन, कधी नुसतंच "अगं". नीरजाचा जीव टांगणीला लागलेला.

एका सकाळी गडाच्या चढावर खटपट्याचीच बॅटरी उतरत आली. तरी सवयीने तो म्हणाला, "आबा, तुम्ही बसा."

"तूच बस लेका!" आबा धापा टाकत हसले. "मी आणि माझी नीरजा वर जाऊन येतो."

नीरजाने त्यांचा हात घट्ट धरला. अजून बराच चढ बाकी होता.