हनोराची रेघ

लॉरेन्स हेगर्टीच्या मासिकाची प्रूफं अकरा वर्षं त्याची बायको हनोरा तपासत असे. कॉर्क सोडून दोघं लंडनला आली तेव्हापासून तो लिहायचा आणि ती कचेरीतल्या खिडकीपाशी बसून खोडायची. नको त्या शब्दावर आडवी रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक छोटा वळसा. तसा वळसा दुसरं कुणी काढत नसे.

फेब्रुवारीत ती तापाने गेली. मार्चच्या अंकासाठी त्याने तिच्यावर एक पान लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, 'अखेरच्या घटकेला मी तिच्या उशाशी होतो.'

तो नव्हता. गुरुवार होता, अंक छपाईला जायचा दिवस. तो कचेरीखालच्या छापखान्यात होता. संध्याकाळी घरी घरमालकीण हनोराला बघायला वर गेली, तेव्हा खोलीला आतून कडी होती. दार फोडलं, तर आत तिच्या देहाशिवाय कुणी नव्हतं.

मार्चच्या त्या पानाचं प्रूफ निघालं, त्या दिवशी दुपारी छापखान्यात खिळे जुळवणारा टक ते न्यायला आला. खिडकीपाशी सकाळी ठेवलेला कागद त्याने उचलला.

"बाई असत्या तर यातलं निम्मं उडवलं असतं, साहेब."

"आणि उरलेलं तू बिघडवलं असतंस. ठेव ते, मी अजून हातसुद्धा लावलेला नाही."

"मग हे कुणी खोडलं?"

शेवटच्या वाक्यावर रेघ होती. टोकाला वळसा. हेगर्टीने बोट फिरवलं. पेन्सिलीचं ताजं शिसं बोटाला लागलं.

त्याने वाक्य बदललं. 'देहाने नसलो तरी मनाने मी तिच्यापाशीच होतो.' टकने जुळवून नवं प्रूफ आणून ठेवलं. हेगर्टी शेगडीत कोळसे घालून वळला, तर तेही खोडलेलं.

मग तो बराच वेळ लेखणी धरून बसला. शेवटी लिहिलं, 'मी छापखान्यात होतो. ती एकटी गेली.'

टकने वाचलं. "हे छापायचं? लोक नावं ठेवतील, साहेब."

"ठेवू देत. खरं आहे ते."

तिसरं प्रूफ आलं. हेगर्टी समोरच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून.

चर्चच्या घड्याळात तीनचे टोले पडले. जिन्यावरून टकने हाक मारली. हेगर्टीने मान वळवली, तेवढीच.

पहिलं वाक्य तसंच होतं.

दुसऱ्यातही तीनपैकी दोन शब्द तसेच होते. रेघ फक्त 'एकटी'वर होती.