कोऱ्याचा आकडा

सकाळचे अकरा वाजले होते. ताई नेहमीसारखी हातमोज्यांत हात घालून पेटीसमोर बसली होती. काम रोजचंच. अणुभट्टीतल्या एका नळीच्या आतून खरवडलेला धातूचा कीस आला होता. त्यात हायड्रोजन किती मुरलाय ते मोजायचं. वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहिलेली नळी हायड्रोजन पिते आणि ठिसूळ होते. दहा लाख भागांत शंभरपर्यंत चालतो. वर गेला, की नळी फुटायच्या आत बदलायची.

कीस किरणोत्सारी, म्हणून सगळं काम जाड काचेच्या बंद पेटीत. आतली हवा बाहेर येऊ नये म्हणून पेटीत दाब कमी ठेवतात. त्यामुळे काचेत बसवलेले लांब रबरी हातमोजे, कुणाचे हात त्यात नसले तरी, आत फुगून उभे राहतात. नव्या माणसाला पहिले आठ दिवस ते बघवत नाही. ताईच्या समोर, पलीकडच्या काचेतही तशीच एक जोडी होती. त्या बाजूला उस्ताद उभा राहायचा.

उस्ताद म्हणजे कीस काढून आणणारा फिटर. ताईच्या धाकट्या भावाला, बंड्याला, कामाला त्यानेच लावलं होतं. गेल्या वर्षी एक नळी फुटली आणि वाफेत उस्ताद गेला. चौकशी झाली. समितीने तीन महिने थंडगार खोलीत बिस्किटं खाल्ली आणि लिहून टाकलं, कामगाराची चूक. मेलेला माणूस अपील करत नाही, हे अशा समित्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याच नळीला प्रयोगशाळेने सहा आठवडे आधी ‘ठीक’ म्हटलं होतं, हे मात्र अहवालात कुठे सापडलं नाही. ताईला ते शोधावं लागत नव्हतं. सही तिचीच होती.

पलीकडे आता भिंतीपर्यंत एक लोखंडी कपाट सरकवलं होतं. तिथं माणूस मावत नव्हता.

कीस वितळला, यंत्राने आकडा दिला. एकशे एकतीस.

आता राहिला कोरा. कोरा म्हणजे रिकामी मूस, धातू वितळवायची छोटी वाटी. नमुन्यासारखीच भट्टीत घालायची, तशीच तापवायची, फक्त आत काही टाकायचं नाही. यंत्राची स्वतःची घाण किती, ते त्यातून कळतं आणि तेवढं नमुन्यातून वजा करायचं. एक येतो, फार तर दोन.

कोरा आला चाळीस.

ताईने मूस बदलली. चाळीस. वायूची टाकी बदलली, यंत्राच्या नळ्यांचे सांधे तपासले. चाळीस. सहाव्यांदाही चाळीसच आला. गेल्या वर्षीही कोरा असाच चढला होता. तिने नेहमीप्रमाणे तो वजा केला होता, आणि फुटणारी नळी शंभराच्या आत आणून बसवली होती.

दारातून साहेब आत आले. घड्याळाकडे बघतच.

“झालं का गं?”

“नमुना एकशे एकतीस आहे सर. पण कोराच चाळीस येतोय.”

“मग एक्याण्णव. पास. सही कर.”

“कोरा पाचच्या वर गेला तर यंत्र बंद ठेवायचं, असा नियम आहे.”

“तुम्हा केमिस्ट लोकांना रिकाम्या भांड्यातही भुतं दिसतात.” साहेब हसले. “तीन वाजता नळ्यांत दाब चढवायचाय. वरून चार फोन आले मला.”

“आत गळती बघायला कोण आहे?”

साहेबांचा फोन वाजला. ताईला उत्तर ठाऊकच होतं. सकाळी डबा उचलताना बंड्याच म्हणाला होता, “आज आत माझी पाळी.”

साहेब फोन घ्यायला बाहेर गेले. ताईने मोज्यांत पुन्हा हात घातले. निदान मुशीला तडा गेलाय का बघू, म्हणून सहावी मूस उचलून दिव्यापाशी धरली.

मुशीच्या तळाशी एक मणी चिकटला होता. मोहरीएवढा, करडा, चकचकीत. वितळून थिजलेला धातू.

तिने पाचवी पाहिली. चौथी. सगळ्यांत एकेक मणी.

यांत तिने काहीच टाकलं नव्हतं. ताईच्या हातांनी मणी आपोआपच वजनकाट्यावर ठेवला; सवय ती. एवढ्याशा धातूतून चाळीस निघाला असेल, तर ज्या नळीचा हा कीस, तिच्यात… तिने मनातल्या मनात भागाकार केला. दोनशेच्या वर. म्हणजे तपासायला आलेली नळी यापुढे काहीच नव्हती. आत आणखी एक होती. जिचा कीस कुणी काढलाच नव्हता.

ताईने उजवा हात मोज्यातून उपसला आणि भिंतीवरचा फोन ओढला. अणुभट्टीच्या दालनात फोन बराच वेळ वाजला.

“बंड्या, बाहेर ये.”

“काय गं ताई, आत्ता कुठे मुखवटा चढवला…”

“एक नळी गेलीय. दाब चढवू नका म्हणावं.”

पलीकडे कुजबुज झाली. “सुपरवायझर विचारतायत, कुठली? नंबर सांग. तीनशे नळ्या आहेत, नुसतं एक गेलीय म्हणून कोण थांबवणार?”

ताईने काट्यावरच्या मण्याकडे पाहिलं. मण्यावर नंबर नसतो.

“ताई… नंबर?”

तेव्हा समोर हालचाल झाली. कपाटाच्या बाजूच्या उजव्या मोज्याची करंगळी हळूच वाकली आणि तळव्याला टेकली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई नाही, थरथर नाही. जाणता माणूस मोजून दाखवतो तसं. ताई नकळत फोनमध्येच मोजू लागली. तीन… चार… अंगठाही मिटला. मग डावा मोजा सुरू झाला. नऊ… दहा. रबराचा बारीक चर्र आवाज काचेतून येत होता, आणि कुठूनसा ओल्या वाफेचा वास.

“दहा?” बंड्या फोनवर म्हणाला. “दहा नंबर ना? सांगतो मी.”

“थांब,” ताई पुटपुटली. “थांब रे… अजून संपलं नाही…”

तिचा उजवा हात फोनवर होता. त्या हाताचा रिकामा मोजा पेटीत तिच्याच बाजूने फुगून उभा होता, आणि त्याची करंगळी मिटत होती. अकरा.

डाव्या मोज्यात तिचा हात अजून आतच होता. रबरातून कुणीतरी तिची करंगळी हलकेच धरली.